थोरल्याची खुर्ची

ज्या खुर्चीमुळे पुढचे सगळे घडले, ती निवडण्यामागचे माझे कारण पूर्णपणे यांत्रिक होते. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. तीन पायांचे स्टूल कधीही डगमगत नाही, चार पायांचे डगमगू शकते, हे मी आयुष्यभर महाविद्यालयात शिकवत आलो. शिवाय माझ्या कमरेच्या मणक्यातली एक चकती जागची सरकलेली आहे. खिडकीजवळ उंच पाठीची, भक्कम, रिकामी खुर्ची होती. मी तिच्यावर बसलो.

स्वयंपाकघरातले बोलणे थांबले.

मी त्या दुपारीच गावात पोहोचलो होतो. स्वेच्छानिवृत्तीनंतर घरात बसून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवण्यापेक्षा कुठेतरी विज्ञान शिकवावे, म्हणून मी एका संस्थेकडे नाव नोंदवले होते. संस्थेने मला तिथली भाषा कामापुरती शिकवली, विमानात बसवले आणि एका शाळेवर पाठवले. पगार नाही, राहणे-जेवणे एका कुटुंबात. कुटुंब म्हणजे दोन माणसे : गुडघ्यांनी रजा घेतलेली एक म्हातारी आई आणि चष्म्याच्या दुकानात भिंगे घासणारी तिची पस्तिशीची मुलगी.

"इकडे बसा ना, सर," मुलगी स्टुलाकडे हात करून म्हणाली. "शेगडीची ऊब लागेल."

"नको, इथेच बरं आहे."

"तिथे वारा येतो हो."

"मला वारा चालतो."

मुलीने आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले आणि माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. कप अर्धाच भरलेला होता. त्या वेळी मला तो चिक्कूपणा वाटला. चहा लवकर संपावा अशी तिची इच्छा होती, हे कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. मी शेवटचा घोट घेतला. आईने किटली खाली ठेवली, पदराला हात पुसावेत तसे अंगावरच्या झग्याला हात पुसले, आणि आतापर्यंतचा आदरार्थी सूर खुंटीला टांगून म्हणाली,

"थोरल्या, बूट बाहेर काढायचे कळत नाही का रे अजून?"

*

"चहा संपवलात का?" दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला पहिला प्रश्न हा विचारला.

"संपवला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग झालंच की," ते म्हणाले आणि त्यांनी सहानुभूतीने माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर शाळेच्या वेळापत्रकाशेजारी वासरांच्या वजनवाढीचा तक्ता लावलेला होता, त्याचाही उलगडा त्याच बैठकीत झाला. हेडमास्तर मूळचे गुरांचे डॉक्टर. एके दिवशी ते शाळेच्या आवारात शिरलेल्या वासराबद्दल तक्रार करायला आले. जुने हेडमास्तर परदेशात मुलाकडे गेले होते. डॉक्टर त्यांच्या खुर्चीवर वाट बघत बसले. शिपायाने चहा आणला.

"चहा चांगला होता हो," ते उसासा टाकून म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला उठता येत नाही?"

"उठता येतं की. जेवायला उठतो, झोपायला घरी जातो. पण हेडमास्तर म्हणूनच जातो."

"आणि गुरांकडे कोण बघतं?"

"न्हावी. हात हलका आहे त्याचा."

हेडमास्तरांनी मला जे समजावून सांगितले त्याचा गोषवारा असा : गावातली कामाची माणसे एकेक करून बाहेर गेली, कोणी मोठ्या शहरात, कोणी समुद्रापलीकडे. माणूस गेला तरी त्याचे काम मागे उरते. पोस्टमन गेला तरी पत्रे येतातच. मुलगा गेला तरी आई उरतेच. तेव्हा गावाने, कधी आणि कोणत्या सभेत हे कोणालाच आठवत नाही, एक साधी व्यवस्था लावली. रिकाम्या जागेवर जो बसेल आणि बसल्या बैठकीत चहा संपवेल, ती जागा त्याची. म्हणूनच या गावात कोणीही कोणाच्या घरी गेले की स्टूल दाखवेपर्यंत उभे राहते. पाहुण्याचे स्टूल हे एकमेव आसन, ज्यावरून चहा पिऊन बिनदिक्कत उठून जाता येते.

"पण मी त्या बाईंचा मुलगा नाही," मी म्हणालो.

"अर्थातच नाही!" हेडमास्तर जवळजवळ दुखावले. "आम्हाला काय वेड लागलंय? तुमचा रंग बघा, नाक बघा. त्या बाईंपेक्षा तुम्ही फार तर पंधरा वर्षांनी लहान असाल. तुम्ही त्यांचे थोरले चिरंजीव नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही थोरले."

मी स्वतःला पुराव्यावर जगणारा माणूस समजतो. भुताखेतांवर, कुंडलीवर, गुडघेदुखीच्या तांब्याच्या कड्यावर विश्वास ठेवणाऱ्यांशी मी आयुष्यभर वाद घातले आहेत, आणि बऱ्याचदा जिंकलेही आहेत. इथे मात्र माझी शस्त्रेच निकामी झाली. चुकीच्या समजुतीचे खंडन करता येते. ज्यांची समजूत शंभर टक्के बरोबर आहे, त्यांचे खंडन कशाने करायचे? शिवाय, खरे सांगायचे तर, आमच्या महाविद्यालयातले प्रभारी प्राचार्य निवृत्त होईपर्यंत प्रभारीच होते, आणि आमच्याकडे खुर्चीत कोण आहे यावरून माणसाची जात, बुद्धी आणि विनोदबुद्धीही ठरते. फरक इतकाच की आमच्याकडे खुर्चीसाठी माणसे एकमेकांच्या उरावर बसतात आणि इथे चुकून बसू नये म्हणून जीव मुठीत धरून उभी राहतात.

*

तरीही मी प्रयोग केला. सलग एक आठवडा मी प्रत्येक जेवणाला पाहुण्यांच्या स्टुलावर बसलो. निष्कर्ष निःसंदिग्ध होता : माझे ताट खुर्चीसमोर मांडले जाई, सूप तिथे निवत राही, आणि स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे पाहत आई मुलीला म्हणे, "थोरला रुसलाय. पोटात कावळे ओरडले की येईल." शनिवारी मी खुर्चीवर परतलो. कावळ्यांपुढे पदार्थविज्ञान चालत नाही.

मग गावाचा सामाजिक व्यवहार माझ्यासमोर असा उघडला, जसा तो कोणत्याही पाहुण्या शिक्षकासमोर उघडला नसता. शेजारचे काका कुंपणाच्या भिंतीवरून मला रोज सकाळी झापत.

"इतकी वर्षं तोंड दाखवलं नाहीस. बाप गेला तेव्हा कुठे होतास?"

"काका, त्या वेळी मी दुसऱ्या खंडात न्यूटनचे नियम शिकवत होतो."

"तेच म्हणतोय मी! बाप इथे, तू तिथे. लाज नाही वाटत वर तोंड करून सांगायला?"

या युक्तिवादात मला एकही फट सापडली नाही.

मला अंत्ययात्रेत खांदा द्यायला बोलावले गेले, पाण्याच्या कमिटीत घराच्या वतीने हात वर करायला बोलावले गेले, आणि एका साखरपुड्यात वराच्या मामांशी तासभर अबोला धरायला लावले गेले, कारण आमच्या घराचे आणि त्यांचे मागच्या पिढीपासून पटत नव्हते. मामा मला मनापासून आवडले होते. ते तारांगण बघून आले होते आणि त्यांना शनीच्या कड्यांबद्दल विचारायचे होते. आम्ही दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलो आणि ते भिंतीला उद्देशून प्रश्न विचारत राहिले. मी समोरच्या कपाटाला उत्तरे देत राहिलो.

बेकरीतली बाई मला पाव देताना तोंड फिरवून घेई. चौथ्या-पाचव्या खेपेला मी कारण विचारले.

"तुम्ही माझ्याशी ठरलेलं लग्न मोडून पळालात," ती पावाकडे बघत म्हणाली.

"बाई, मी तो नाही."

"ठाऊक आहे हो. तुम्ही भले गृहस्थ दिसता." तिने पाव कागदात गुंडाळला. "पण राग आला की समोर कोणीतरी लागतं ना. आता निघा. आणि उद्या जरा लवकर या, गिऱ्हाईक असलं की मला नीट रागावता येत नाही."

शाळेत मात्र मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक होतो आणि तिथे तरी माझी ओळख कमावलेली आहे, असे मला वाटे. एकदा वर्गात मी 'पुरावा' या शब्दावर फार वेळ बोललो, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, तुम्ही शिक्षक आहात याला पुरावा काय?" तिने विचारले. मी माझ्या पदव्या सांगितल्या. "त्या आम्ही कुठे बघितल्यात? तुम्ही त्या टेबलामागे उभे असता आणि आम्ही इकडे बसतो, म्हणून." वर्ग हसला. मीही हसलो, पण मला ती गोष्ट तितकीशी विनोदी वाटली नव्हती.

*

घरातली मुलगी मला पहिल्या रात्रीपासून 'दादा' म्हणे. मी तिला बाकीच्यांसारखा 'धाकटी' म्हणू लागलो. तिची आणि माझी मैत्री भिंगांवरून झाली. संध्याकाळी दुकानातून येताना ती फुटक्या भिंगांचे तुकडे माझ्या वर्गासाठी खिशातून घेऊन येई, आणि भांडी घासता घासता आम्ही प्रकाशाच्या वक्रीभवनावर बोलत असू. मी सूत्रे सांगे, ती बोटांनी हवेत भिंगाची कड दाखवी. तिच्या बोलण्यात थट्टा असे आणि त्या थट्टेला धार असे.

थंडी ओसरू लागली तेव्हा एका संध्याकाळी तिने ताटे मांडताना सांगितले की बंदराच्या शहरातल्या संस्थेत तिला प्रवेश मिळाला आहे. दुर्बिणीची भिंगे घडवण्याचा अभ्यासक्रम. सोमवारपासून वर्ग सुरू. शहर दूर होते. बस शनिवारी सकाळी.

"वा!" मी म्हणालो. "अभिनंदन! मग तयारी?"

धाकटीने हातातले ताट हातातच धरले. आई शेगडीपाशी आपल्या वेताच्या खुर्चीवर बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली.

"ती तुझ्याकडे बघतेय, थोरल्या," आई म्हणाली.

तेव्हा मला व्यवस्थेचे उरलेले कलम सांगण्यात आले. घरातले धाकटे माणूस घर सोडते तेव्हा थोरल्याने आपल्या खुर्चीवर बसून, सगळ्यांदेखत, एकच वाक्य म्हणायचे असते : 'मी आहे, तू जा.' एवढे म्हटले की धाकट्याचा पाय मोकळा. थोरला नसल्यामुळेच धाकटी इतकी वर्षे चष्म्याच्या दुकानात राहिली होती.

"आणि हे वाक्य कोणी म्हटलंच नाही तर तुला अडवणार कोण?" मी विचारले.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मीच."

ते वाक्य छोटे होते, पण ते विधान होते. आणि विधान एक तर खरे असते किंवा खोटे. शाळेचे सत्र संपले की माझा राहण्याचा परवाना संपत होता, परतीचे तिकीट काढलेले होते. 'मी आहे' हे त्या संध्याकाळी खरे होते. उन्हाळा लागला की ते खोटे ठरणार होते, आणि हे मला आधीच माहीत होते.

"मी म्हणू शकत नाही," मी सांगितले.

"का?"

"कारण सत्र संपलं की मी नसणार."

"अहो दादा, सगळेच कधी ना कधी नसणार आहेत. तुम्हाला तारीख कोण विचारतंय?"

"कोणी विचारत नाही, पण मला ठाऊक आहे. ठाऊक असलेली तारीख लपवून 'मी आहे' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं."

"खरा दादा असता तर बोलला असता खोटं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. थट्टा तेवढी आवाजातून निघून गेली. "अगदी सहज. मला मेला थापाड्या भाऊ मिळायचा, तर मिळाला हरिश्चंद्र!"

"गप गं," आई म्हणाली. "त्याला नाही जमत तर नाही जमत. पोटात एक ओठात एक असं त्याचं नाही." मग ती माझ्याकडे वळली. "पण थोरल्या, तुझ्या या खरेपणाचं सूप करून प्यायचं का आम्ही?"

मी दोन दिवस विचार केला. धाकटी पूर्वीसारखीच कामाला जाई, पूर्वीसारखीच जेवण वाढी. फक्त भिंगांचे तुकडे आणणे तिने थांबवले. हेडमास्तरांना विचारले, तर ते म्हणाले, "म्हणून टाका हो! मी सोळा वर्षं मुलांना गणित येतं असं पालकांना सांगतोय." काकांनी मला नेहमीपेक्षा दुप्पट झापले. बेकरीतली बाई तर पाव देताना सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुमची पळून जायची जुनी खोड अजून गेली नाही वाटतं." मी प्रत्येकाला सांगत होतो की वाक्य खोटे ठरेल, आणि प्रत्येक जण मान डोलावून सांगत होता की हो, ठरेल.

*

शेवटी आईने खऱ्या थोरल्याला फोन लावला. तो गुरुवारी संध्याकाळी आला. उंच, चांगल्या कोटातला, हसतमुख गृहस्थ. दाराशीच त्याने बूट काढले. मला त्याचे फार बरे वाटले. आता ज्याची जागा आहे तो बसेल, वाक्य म्हणेल, आणि वाक्याच्या खरेखोटेपणाची जबाबदारी माझ्यावरून उतरेल.

मी खुर्चीवरून उठलो. "या, बसा," मी म्हणालो.

"छे छे, तुम्ही बसा."

"अहो, तुमचीच आहे."

"तुम्ही पाठीचे रुग्ण, असं ऐकलं," तो दोन पावले मागे सरकून म्हणाला. "मला उभं राहायची सवय आहे."

तो खरोखरच उभा राहिला. सूप त्याने खिडकीच्या कठड्याला टेकून, वाटी हातात धरून प्यायले. बोलता बोलता तो खोलीभर फिरत होता; पण मी पाहत होतो की खिडकीजवळच्या त्या खुर्चीपासून तो कायम हातभर अंतर राखत होता. मी खुर्ची सहज म्हणून त्याच्या मागे सरकवली, तो सहज म्हणून पुढे सरकला. आम्ही टेबलाभोवती असे दीड फेरे मारले. आई बटाटा खात शांतपणे आमच्याकडे बघत होती.

"बसत का नाही तू, दादा?" धाकटीने शेवटी विचारले.

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू जागेवरच राहिले, पण त्यातली हवा गेली. "बसलो तर उठता नाही येणार गं," तो म्हणाला. "तिकडे माझी दोन मुलं आहेत, काम आहे. मला वाटलं होतं, एव्हाना कोणीतरी बसलं असेल, तर भेटून जावं. बरं वाटलं हे बसलेत बघून. खरंच सांगतो."

मग त्याने खोलीत नजर फिरवली, आखूड पायाचे स्टूल ओढले आणि त्यावर बसला. स्टूल डगमगले.

आई उठली. तिला उठायला वेळ लागतो. टेबलाला धरून, मग शेगडीच्या दांड्याला धरून ती त्याच्याजवळ गेली. तिने कपाटातून पाहुण्यांचा चांगला कप काढला, काठोकाठ भरला, आणि पोटच्या पोरासमोर ठेवत म्हणाली,

"घ्या ना पाहुणे. साखर किती घेता तुम्ही?"

त्याने कपाकडे पाहिले. "दोन," तो म्हणाला.

"प्रवास बरा झाला ना? आमच्याकडे यायचं म्हणजे फार लांब पडतं लोकांना."

"बरा झाला."

"पुन्हा कधी या भागात आलात तर जरूर या."

त्याने तो काठोकाठ भरलेला कप पूर्ण संपवला. शुक्रवारी पहाटे तो निघाला तेव्हा माझ्याशी हात मिळवताना म्हणाला, "तुम्ही काळजी घेता, मोठे उपकार आहेत." मी सांगितले की सत्र संपले की मीही जाणार आहे. "हो का?" तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जसे आरशात अचानक स्वतःला पाहणारा माणूस पाहतो, मग टॅक्सीत बसला.

*

शनिवारी सकाळी धाकटीची पेटी कोपऱ्यात होती, पण बांधलेली नव्हती. ती शेगडीपाशी उभी राहून पाव भाजत होती. बस शाळेवरून निघून आमच्या दाराशी थांबते. बसवाल्याला निरोप गेलेला होता, म्हणजे तो थांबला असता, पण फार नाही.

मी खुर्चीवर बसलो होतो. मी वाक्याची नवी मांडणी करून पाहत होतो : 'मी सध्या आहे, तू जा.' 'सत्र संपेपर्यंत मी आहे.' प्रत्येक मांडणी खरी होती आणि एकाही मांडणीच्या भरवशावर कोणी शेजारच्या गल्लीतसुद्धा गेले नसते.

"ऊठ," आई म्हणाली.

मी वर पाहिले. ती माझ्यासमोर टेबलाला धरून उभी होती.

"ऊठ म्हणते ना! जागा दे."

मी उठलो. ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली, हुश्श केले आणि स्वतःच्या हाताने कपात चहा ओतून घेतला. धाकटीचा पाव जळू लागला. तिचे लक्षच नव्हते. आईने चहा संपवला, कप उपडा करून दाखवला आणि पाठ ताठ केली.

"धाकटे," ती म्हणाली, "मी आहे, तू जा."

"आई, हे काय भलतंच!"

"आई कोण? थोरला बोलतोय." तिने गुडघ्यावर थाप मारली. "आणि हे सर म्हणतात तसं वाक्य तपासून घ्या हवं तर. या गुडघ्यांनी मी कुठे जाणार आहे? गावात छातीवर हात ठेवून 'मी आहे' म्हणेल असं दुसरं माणूस दाखवा मला!"

मी वाक्य तपासले. त्यात कुठेही फट नव्हती.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. धाकटीने पेटीकडे पाहिले, जळका पाव खाली ठेवला, आणि धावत जाऊन कपडे कोंबू लागली. मी पेटीच्या झाकणावर गुडघा दाबून धरला, तिने पट्टा ओढला. पेटी उचलून आम्ही दारापर्यंत आलो आणि ती उंबऱ्याशी अडखळून उभी राहिली. शेगडीपाशी वेताची खुर्ची रिकामी होती.

"आता आई नाही," ती म्हणाली.

"तर काय!" खुर्चीवरून आवाज आला. "मला दोन ठिकाणी बसता येत नाही. सर, तुम्ही बसा तिकडे."

"मी? आईच्या जागेवर?"

"मग काय न्हाव्याला बोलावू? दारात आईनं एकदा 'जाऊ नकोस' म्हणायचं असतं. थांब म्हणणारं कोणीच नसलं तर ते जाणं नव्हे, ते हाकलणं झालं. तशी नाही जाऊ द्यायची मी माझ्या बहिणीला. बसा लवकर, बसवाला तिरसट आहे."

मी वेताच्या खुर्चीवर बसलो. धाकटीने कप भरून दिला. चहा उकळता होता. हॉर्न पुन्हा वाजला. मी एक घोट घेतला आणि जीभ भाजली. मग पृष्ठफळ वाढले की उष्णता लवकर जाते हे आठवून चहा बशीत ओतला.

"हे चालतं का?" धाकटीने थोरल्याला विचारले.

थोरल्याने क्षणभर विचार केला. "बशी चालते."

मी फुंकर मारून फुर्र फुर्र करत बशी रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. कपाच्या तळाशी काही उरले नाही. मग मी दाराशी गेलो. धाकटी पायरीवर उभी होती, पेटी बसमध्ये चढली होती, बसवाला घड्याळ दाखवत होता आणि कुंपणापलीकडून काका डोळे पुसत मला झापत होते.

बोलण्यापूर्वी मी सवयीने वाक्य तपासले. त्यात तारीख नव्हती, अट नव्हती, भविष्याबद्दलचे कोणतेही विधान नव्हते. या गावात आल्यापासून मी इतक्या जणांच्या वतीने इतके काही बोललो होतो. हे वाक्य मात्र मला कोणाच्याच वतीने म्हणावे लागणार नव्हते.

"जाऊ नकोस गं," मी म्हणालो.

तिने माझे दोन्ही हात धरले. भिंगे घासून तिची बोटे खरखरीत झाली होती. ती हसायला लागली.

"येते, आई," ती म्हणाली आणि पळत जाऊन बसमध्ये चढली.

आतून थोरल्याने ओरडून विचारले की गेली का, आणि दार उघडे ठेवून सगळी ऊब बाहेर का घालवतोय. मी दारातच उभा राहिलो. बस चौकातून वळली, तिचा आवाजही येईनासा झाला, काका आत गेले. आईने दारात किती वेळ उभे राहायचे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नाही.